मूल एकटं शाळेत जातं का? जर्मनी आणि भारत, दोन्हीकडे राहून झाल्यावर

परतवाट

"जर्मनी चांगलं की आपल्याकडचं?" परत आल्यापासून आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या मुलाला ऑफर आलेली असते, नाहीतर भाचीला शिकायला जायचं असतं. पूर्वी मी पगार, घरभाडं, टॅक्स असं सगळं मांडून दाखवायचे. आता नाही दाखवत. त्या बेरजेत मला जे सांगायचंय ते येतच नाही.

आम्ही २०१४ ते २०२४ दक्षिण जर्मनीतल्या एका मध्यम शहरात होतो. आता पुण्यात. मुलगी तिकडेच जन्मली आणि २०२२च्या सप्टेंबरात पहिलीत गेली. शाळा सुरू व्हायच्या आधी पालकसभा झाली. त्यात अभ्यासक्रम दहा मिनिटांत उरकला आणि बाकी सगळा वेळ बाई शाळेच्या वाटेबद्दल बोलत होत्या. आम्हाला एक छापील नकाशा मिळाला. कुठल्या बाजूच्या फुटपाथने यायचं, रस्ता नेमका कुठे ओलांडायचा, कुठल्या वळणावर गाडी उशिरा दिसते, सगळं त्यात होतं. पहिले काही आठवडे सोबत या, मग मागे मागे राहा आणि ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर मुलांना एकटं येऊ द्या, असं बाईंनी सांगितलं.

सहा वर्षांचं पोर, नऊशे मीटर, दोन रस्ते. ती पहिल्यांदा एकटी निघाली त्या दिवशी मी पन्नास पावलं मागे, झाडांच्या आडून चालले होते. झेब्रापाशी ती थांबली, शिकवल्याप्रमाणे हात पुढे धरला, दोन्हीकडे बघितलं. समोरून मालाची मोठी गाडी येत होती, ती थांबली. चालकाने मान हलवली, ही पलीकडे गेली. दप्तर तिच्या पाठीपेक्षा मोठं होतं. मी तिथूनच मागे फिरले आणि घरी येऊन बराच वेळ नुसती बसून राहिले.

पुण्यातली शाळा घरापासून सातशे मीटरवर आहे, म्हणजे तिकडच्यापेक्षा जवळ. मी तिला स्कूटरवर सोडते. फुटपाथ आहे, पण एका जागी ट्रान्सफॉर्मरने तो अडवलाय, पुढे दुचाक्या लावलेल्या असतात, मग थोडा बरा, मग एका सोसायटीच्या गेटच्या उतारापाशी संपतोच. तिथून रस्त्यावर उतरावं लागतं. परवा ती म्हणाली, "आई, सहा वर्षांची असताना मी एकटी जायचे, आता नऊची झाले तर तू का सोडतेस?" उत्तर मला माहीत आहे, पण तिला काय सांगायचं ते कळत नाही.

आता घरातलं दुसरं टोक. बाबा ७७ वर्षांचे. आम्ही परतायच्या वर्षभर आधी भाजी आणायला गेले असताना उलट्या दिशेने आलेल्या दुचाकीचा धक्का लागला आणि मनगट मोडलं. प्लास्टर दीड महिन्यात निघालं. भीती मात्र बसली ती बसलीच. ज्या रस्त्यावर चाळीस वर्षं वावरले तो रस्ता ते एकटे ओलांडत नाहीत.

आमच्या तिकडच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहायच्या, चौऱ्याऐंशीच्या. चार चाकांचा वॉकर ढकलत त्या शनिवारच्या बाजारात जायच्या, मंगळवारी पोहायला जायच्या. थांब्यावर बस त्यांच्या बाजूला झुकायची, त्या वॉकरसकट आत. दहा वर्षांत त्यांचा हात धरून कुणी चाललेलं मी पाहिलं नाही. त्यांच्या घरी कुणी आलेलंही फारसं पाहिलं नाही. मुलगा नाताळात यायचा. आमचा दोघींचा एक करार होता: सकाळी नऊपर्यंत त्यांच्या खिडकीचं शटर वर गेलं नाही तर मी बेल वाजवायची. एवढ्या मोठ्या शहरात त्यांची खबर ठेवायला ते शटर आणि मी.

आणि बाबांकडे? एक दिवस असा जात नाही की कुणी जिना चढून आलं नाही. पेपरवाला दोन मिनिटं टेकतो, शेजारचे काका कोडं सोडवायला येतात. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर घरच्या कपड्यांत खाली उतरून बीपी बघून जातात.

तर माझी फूटपट्टी ही. घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हातारं माणूस कुणाला न विचारता दाराबाहेर किती लांब जाऊ शकतं? आणि परत आल्यावर त्याच्याशी बोलायला कुणी आहे का? पहिल्या प्रश्नाला जर्मनी पास आहे, दुसऱ्याला आपण. मला दोन्ही हवंय आणि ते मिळू शकत नाही हे मी मान्य करायला तयार नाही. तुमचे अनुभव लिहा. पगाराचे आकडे नसले तरी चालेल.

राईनकाठ

चौदा वर्षं इथे जर्मनीत आहे, त्यामुळे शटरचं वाचून थांबलो. आमच्याही इमारतीत असंच आहे.

तुमच्या दोन प्रश्नांत मला तिसरा घालायचाय: काम करणारं माणूस आजारी पडलं तर काय? २०२१ साली माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. पाच महिने घरी होतो. पहिले सहा आठवडे कंपनीने पूर्ण पगार दिला, तसा कायदाच आहे. पुढे आरोग्य विमा मंडळाने ढोबळ, म्हणजे कपातीआधीच्या, पगाराच्या सत्तर टक्क्यांच्या हिशेबाने पैसे दिले. एकाच आजारासाठी हे तीन वर्षांत मिळून ७८ आठवड्यांपर्यंत मिळतं. हॉस्पिटलचे मी भरले रोजचे दहा युरो, नऊ दिवसांचे नव्वद. नोकरी जागेवर होती. त्या पाच महिन्यांत बायकोने आणि मी पैशाबद्दल एकदाही बोलणं काढलं नाही. ते का काढलं नाही हे मला नंतर, गावाकडच्या चुलतभावाच्या आजारपणात कळलं. त्याने बायपाससाठी शेत गहाण टाकलं.

हे फुकट नाही. आरोग्य विम्यापोटी ढोबळ पगाराचे १४.६ टक्के आणि वर थोडा अधिभार जातो, निम्मं मालक भरतो. निवृत्तिवेतनाचे १८.६ टक्के, तेही निम्मे-निम्मे. पगारपत्रक बघून पहिल्या वर्षी मन खट्टू व्हायचं.

आणि दुसरी बाजू सांगितली नाही तर अर्धं खोटं होईल. त्याच दुखण्यात एमआरआयसाठी मी सात आठवडे थांबलो. सात आठवडे, गोळ्या खात, रात्री खुर्चीत बसून झोपत. पुण्यात हे त्याच दिवशी झालं असतं.

घाटमाथा

>> पहिल्या प्रश्नाला जर्मनी पास आहे, दुसऱ्याला आपण.

माझा आक्षेप आहे. दोन्ही प्रश्न समान वजनाचे नाहीत. मी सहा वर्षं फ्रांकफुर्टजवळ काढली आणि परत आलो, कारण आईला अर्धांगवायू झाला. तिला तिकडे नेता येत नव्हतं. पालकांना कायमचं नेणं तेव्हा जवळपास अशक्य होतं, अगदी असाधारण परिस्थिती सिद्ध करावी लागायची. फोनवर तिचा आवाज ऐकायचो, शब्द तुटत होते. त्या वेळी माझ्या मुलाच्या शाळेची वाट किती सुरक्षित आहे याने मला काडीचाही दिलासा मिळाला नाही.

इथे आल्यावर आईजवळ दिवसा एक मावशी, रात्री मी. फिजिओथेरपिस्ट घरी येतात. औषधाचं दुकान फोनवर औषध पाठवतं. जवळचं माणूस जवळ असणं हेच माझ्या लेखी राहणीमान. बाकीचं नंतर.

राईनकाठ

@घाटमाथा, तुमचं दुःख समजतं. नियमात थोडा बदल झालाय, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. ज्या कुशल कामगारांना इथला निवास परवाना पहिल्यांदा १ मार्च २०२४ला किंवा त्यानंतर मिळाला, त्यांना आईवडिलांना आणता येतं. अट अशी की त्यांच्या राहण्याखाण्याची आणि आरोग्य विम्याची सोय आपण करायची. सत्तरीच्या माणसाला विमा मिळवणं हीच खरी अडचण आहे. माझ्यासारख्या जुन्या लोकांना ही सवलत लागू नाही.

तिन्हीसांजा

मी कधीच परदेशात राहिले नाही, नाशिकला असते, सरकारी दवाखान्यात काम केलंय. तरी लिहिते, कारण वर सगळे आपापल्या घरातलं मोजताहेत.

घाटमाथा, तुमच्या आईजवळ दिवसा ज्या मावशी असतात त्यांची आई कुणाजवळ असते? हा टोमणा समजू नका, माझ्याही घरी कामाला एक ताई येतात आणि त्यांच्याशिवाय माझी नोकरी झालीच नसती. पण आपण "भारतात मदत मिळते, म्हणून आयुष्य सोपं" असं म्हणतो तेव्हा ते सोपेपण कुणाच्या तरी आयुष्यातून आलेलं असतं. आमच्या ताई पाच घरं करतात. ताप आला तर त्या दिवसाचे पैसे कापणारी घरं मला माहीत आहेत. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. आपल्याकडे काम करणाऱ्या ताईंची त्यात नोंद आहे का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय? मी स्वतः बारा वर्षांनी विचारलं. नव्हती.

आणि त्यांचा मुलगा रोज एकटाच शाळेत जातो, परतवाट. तोही सातव्या वर्षापासून, तशाच फुटपाथ नसलेल्या रस्त्याने. त्याला सोडायला स्कूटर नाही. तुमच्या फूटपट्टीने मोजलं तर तो स्वतंत्र ठरेल, पण तो स्वतंत्र नाही, त्याला सोबत करायला कुणी नाही एवढंच. म्हणून प्रश्न थोडा बदलावा असं वाटतं: मूल एकटं गेलं तर सुखरूप परत येईल याची खात्री कुणाकुणाच्या आईला आहे?

आजारपणाचंही तसंच. देशात आरोग्यावर जो खर्च होतो त्यातला ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केलेला असतो, हा २०२१-२२चा सरकारी आकडा आहे. पूर्वी तो साठाच्या वर होता, म्हणजे सुधारणा झाली आहे, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन झालेले कितीतरी रुग्ण पुढे तपासणीला आमच्याकडे यायचे. पण बाहेरची औषधं, तपासण्या, गावाहून येण्याजाण्याचं भाडं, बुडालेली मजुरी यांत माणूस खचतो. राईनकाठ यांच्या चुलतभावाचं शेत तसंच गहाण पडलं असणार.

परतवाट

तिन्हीसांजा, ताईंच्या मुलाबद्दल वाचून मला माझ्याच लेखातली चूक दिसली. मी "एकटं" या शब्दावर थांबले, "सुखरूप" यायला हवं होतं. तुमचा प्रश्न माझ्यापेक्षा बरोबर आहे.

आकडेमोड

संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल दरवर्षी येतो, महबूब उल हक यांनी १९९० साली सुरू केलेला. आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न या तिन्हींचा त्यात एक निर्देशांक असतो. २०२५च्या अहवालात जर्मनी पाचवा आणि भारत १९३ देशांत १३०वा आहे. परतवाट यांचे दोन्ही प्रश्न त्यात नाहीत हे खरं. पण आयुर्मानात दोन देशांमध्ये साधारण नऊ वर्षांचं अंतर आहे. आपल्याकडे आजोबांशी बोलायला माणसं आहेत असं म्हणताना, जे आजोबा होईपर्यंत जगलेच नाहीत ते आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

सायकलस्वार

मी वाहतुकीत काम करतो, म्हणून रस्त्यापुरतं बोलतो.

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्याच वर्षी जर्मनीत सुमारे २,८००. लोकसंख्येचा फरक धरला तरी लाखामागे आपल्याकडे बारा आणि तिकडे तीनच्या थोडं वर. हे आकडे मांडले की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "त्यांच्या रक्तातच शिस्त आहे, आपल्याकडे नाही जमायचं." ते वाक्य मला सहन होत नाही, कारण ते खरं नाही.

१९७० साली दोन्ही जर्मनी मिळून एका वर्षात एकवीस हजारांवर माणसं रस्त्यावर मेली होती. माणसं तीच, रक्त तेच, गाड्या आजच्यापेक्षा कितीतरी कमी. मग पश्चिम जर्मनीत १९७२ला गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आली. १९७३ला दारू पिऊन चालवण्यावर कडक मर्यादा आली. सीटबेल्ट लावायची सक्ती १९७६ला झाली, पण लोक लावेनात. १९८४ला दंड सुरू झाला तेव्हा लावू लागले. पुढे वस्त्यांमधून आणि शाळांभोवती ताशी ३०चे पट्टे झाले. एकेक गोष्ट भांडून, विरोध पत्करून केलेली आहे.

परतवाट, तुमच्या मुलीसाठी तो ट्रकवाला थांबला ना, त्यामागेही असंच काही आहे. तिथे मोटारीचा परवाना काढताना दीड-दीड तासाच्या चौदा वर्गांना बसावं लागतं, वर बारा खास फेऱ्या: पाच गावाबाहेर, चार महामार्गावर, तीन अंधारात. बाकीचा सराव वेगळा. झेब्रावर पादचाऱ्याला वाट दिली नाही तर ८० युरो दंड आणि खात्यावर एक गुण. आठ गुण झाले की परवाना जातो. तो चालक सज्जन असेलच, पण त्याच्या सज्जनपणावर तुमच्या मुलीचा जीव टांगलेला नव्हता.

आपल्याकडे परवाना कसा मिळतो हे मी इथे लिहीत नाही, सगळ्यांनी काढलाय.

एक मात्र नक्की सांगतो. फुटपाथ सलग करायला फार पैसे लागत नाहीत. उड्डाणपुलाच्या एका खांबाच्या खर्चात किती शाळांच्या वाटा नीट होतील याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा, आणि तो पालकांनी मागायला हवा.

ओलीवाट

मी म्युनिकला नवऱ्याच्या नोकरीमुळे गेले. घरातल्या लहानग्यांचं आणि म्हाताऱ्यांचं झालं, आता मधल्या बाईचं.

माझ्याकडे एम.कॉम. आणि सात वर्षांचा अनुभव होता. तिकडे भाषा येत नाही म्हणजे काहीच येत नाही. पहिली दोन वर्षं मी घर, बाग आणि भाषेचा वर्ग एवढ्यातच होते. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडायचा, तो सकाळी आठपर्यंत. आईशी बोलताना आवाज नीट ठेवायचा आणि फोन ठेवला की रडायचं. मुलगी वर्षाची झाली की पाळणाघरात जागा मिळणं हा २०१३पासून कायदेशीर हक्क आहे, पण प्रत्यक्ष जागा मिळायला आम्हाला चौदा महिने लागले. हक्क कागदावर होता आणि मी घरात.

तरी मी परत यायला तयार नाही. रात्री साडेदहाला भाषेचा वर्ग सुटल्यावर मी ट्रामने एकटी घरी यायचे. पहिले काही महिने पर्स छातीशी धरून, चाव्या मुठीत घेऊन. मग एक दिवस लक्षात आलं की चाव्या पर्समध्येच आहेत आणि मी खिडकीबाहेर बघत होते. तेहतीस वर्षांच्या आयुष्यात रात्रीच्या वेळी बाहेर असताना मनात भीती नाही, असं पहिल्यांदा घडलं. हे पुरुषांना कसं सांगायचं मला माहीत नाही. बायका समजतील.

परतवाट, तुमच्या फूटपट्टीत हे घाला: घरातली बाई रात्री एकटी परत येते का, आणि येताना तिच्या मनात काय असतं?

घाटमाथा

ओलीवाट, तुमचं वाचून बायकोला विचारलं. ती म्हणाली, "फ्रांकफुर्टची मला एवढी एकच गोष्ट आठवते." सहा वर्षं आम्ही तिथे राहिलो आणि परत येऊनही बराच काळ झाला. हे ती मला कधी बोलली नव्हती, मीही विचारलं नव्हतं.

तिन्हीसांजा, मावशींच्या आईबद्दलही विचारलं. गावी असतात, एकट्या. त्यांची धाकटी जाऊ बघते. पुढच्या आठवड्यात मावशी चार दिवस गावी जातील, पगार न कापता. मी रजा टाकली आहे.

नवाउंबरठा

मला ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय म्हणून सगळं वाचतेय. एक व्यावहारिक प्रश्न: परत यायचं ठरलं तर तिकडे भरलेल्या पेन्शनचं काय होतं?

परतवाट

@नवाउंबरठा, पाच वर्षं वर्गणी भरलेली असली की निवृत्तीच्या वयात दरमहा पेन्शन मिळण्याचा हक्क तयार होतो, माझ्या वयोगटाला तो ६७व्या वर्षी. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे, १ मे २०१७पासून लागू. त्यामुळे भारतात राहूनही पेन्शन घेता येतं आणि पाच वर्षं पुरी होताहेत का हे बघताना दोन्हीकडचा काळ एकत्र धरता येतो. सगळी कागदपत्रं जपून ठेवा, विशेषतः दरवर्षी येणारी विमा नोंदणीची पत्रं.

आणखी एक, न विचारता सांगते. जायच्या आधी भाषेची निदान दुसरी पायरी पूर्ण करा. कचेरीतली बाई तुमच्याशी कशी वागेल, शेजारीण जिन्यात थांबेल की नाही, हे त्यावर ठरतं. आम्ही पहिली तीन वर्षं भाषेशिवाय काढली आणि ती तीन वर्षं माझ्या आठवणीत करडी आहेत. तळमजल्यावरच्या आजींशी मी बोलू शकले ती चौथ्या वर्षी.

ज्येष्ठवाचक

वय ७४. टंकलेखन हळू होते, सांभाळून घ्यावे.

मुलगा हानोव्हरला असतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे गेलो होतो, नव्वद दिवसांचा व्हिसा होता. मुलगा व सून सकाळी कामावर जात. मी चौथ्या दिवसापासून एकटा फिरू लागलो. भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत. तरी तळ्याकाठी, बाजारात, ग्रंथालयात एकटा जाऊन येत असे. रस्ता ओलांडताना एकदाही छातीत धडधड झाली नाही. दर थोड्या अंतरावर बाक होते, गुडघे दुखले की बसत असे. परतवाट यांच्या वडिलांप्रमाणे मीही इथे माझ्या गल्लीबाहेर जात नाही. अनोळखी देशात मी मोकळा होतो आणि स्वतःच्या गावात अडकून आहे, हे तिथल्या बाकावर बसून मला जाणवले व फार वाईट वाटले.

परंतु नवव्या आठवड्यात आम्ही परत आलो. तिकिटे बदलून घेतली. मुलाला वाटले त्याचे काही चुकले. त्याचे काही चुकले नव्हते. दिवसभर फिरून मी जे पाहिले ते सांगायला संध्याकाळी सहापर्यंत पत्नीशिवाय कुणी नसे, आणि तीही माझ्याबरोबरच असे. इथे आल्यावर कट्ट्यावर चार दिवस मी त्या तळ्याचेच वर्णन करत होतो.

मला पर्याय दिला तर मी इथेच राहीन. पण कट्ट्यापर्यंत जायला बाक आणि फुटपाथ हवेत. माझ्या वयात ही मागणी फार मोठी नाही.

तिन्हीसांजा

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

राईनकाठ

मीही. गावाकडे वडिलांना फोन केला. ते आजकाल देवळापर्यंत जातात का, हे मी गेल्या दोन वर्षांत त्यांना विचारलं नव्हतं. जात नाहीत. मधला रस्ता चौपदरी झाला.

सायकलस्वार

परतवाट, जर्मनीत काही शाळांमध्ये "चालती बस" असते, तुम्ही पाहिली असेल. एक मोठं माणूस पुढे, एक मागे, ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यांवर मुलं येऊन मिळतात आणि सगळी मिळून चालत शाळेत जातात. आपल्याकडे करून बघा. दहा मुलं एकत्र रस्ता ओलांडतात तेव्हा गाड्यांना थांबावंच लागतं. आणि चालताना अडथळ्यांचे फोटो काढून ठेवा, तारखेसह. मी ते नकाशावर मांडून देईन. अर्ज तोंडी तक्रारीपेक्षा बरा, आणि नकाशा लावलेला अर्ज त्याहून बरा.

परतवाट

तीन आठवड्यांनी लिहितेय.

सोसायटीतल्या आणि शेजारच्या दोन इमारतींतल्या पालकांशी बोलले. पाच जणांनी स्पष्ट नाही म्हटलं आणि त्यांचं कारण मला चुकीचं वाटत नाही. चौघांनी हो म्हटलं. तिन्हीसांजांचं लिहिलेलं डोक्यात होतं म्हणून वॉचमनदादांनाही विचारलं. त्यांचा मुलगा त्याच बाजूच्या महापालिकेच्या शाळेत जातो, इतके दिवस एकटा. आता तोही येतो. त्याला वाट आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे, कुठल्या गेटमधून गाडी अचानक बाहेर येते ते तोच सांगतो.

सोमवारी पाच मुलं होती, आज सात. पुढे मी, मागे एक बाबा. मुलगी माझ्या हाताला धरत नाही, ती त्या मुलाबरोबर पुढे चालते. तिने सगळ्यांना झेब्रापाशी हात पुढे धरायला शिकवलंय. पहिल्या दिवशी कुणी थांबलं नाही. काल एक रिक्षा थांबली.

सायकलस्वार, तेवीस फोटो झालेत, तुम्हाला पाठवले आहेत. ट्रान्सफॉर्मरपाशी अजून रस्त्यावर उतरावं लागतं, तिथे मी मुलांच्या आणि गाड्यांच्या मध्ये उभी राहते. बाबा रोज सकाळी गॅलरीत येऊन आम्हाला जाताना बघतात. आज ते चप्पल घालून गेटपर्यंत आले होते. उद्या कोपऱ्यापर्यंत येतो म्हणालेत.